बापलेकाची जळजळ

सोमवार, २ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, काय खाल्लं, कधी खाल्लं आणि कधी जळलं ते रोज लिहून ठेवा. शाळा सुटल्यापासून मी सलग चार ओळी लिहिलेल्या नाहीत. पण आजचा दिवसच तसा गेला.

सकाळी ब्रेकबाई शिकायला आल्या होत्या. गाडी शिकवण्याच्या धंद्यात माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, खोडी राहतात. या बाई रस्त्यावर कागद उडाला तरी ब्रेक दाबतात. आज एका कबुतरासाठी त्यांनी गाडी जागच्या जागी उभी केली. मी पट्ट्यासकट पुढे आदळलो आणि छातीच्या मधोमध कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं. घशात आंबट पाणी आलं. श्वास घ्यावा तर आग, सोडावा तर आग. वाटलं, संपलं. शेवटच्या क्षणी माणसाला बायकामुलं आठवतात म्हणे. मला आठवलं की गाडीचा विमा या महिन्यात संपतोय.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. ती दुकान सोडून धावत आली आणि मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी छातीला तारा लावून कागद काढला, रक्त तपासलं. मग विचारत सुटल्या. "जिना चढताना दुखतं? चालताना वाढतं आणि थांबलं की कमी होतं? हात, जबडा भरून येतो? घाम फुटतो?" नाही, नाही, नाही. "मग कधी?" म्हटलं, जेवल्यावर. वाकल्यावर. आडवं झाल्यावर तर हमखास.

त्या हसल्या. "मास्तर, हृदय ठणठणीत आहे. हे पित्त. जठराच्या तोंडाशी एक झडप असते, ती सैल पडलीय. खालचं आम्ल वर येतंय." गोळ्या दिल्या, पण थोड्याच दिवसांच्या. म्हणाल्या, "गोळी आग विझवेल. काडी कोण लावतंय ते तुम्ही शोधायचं."

काडी शोधायची काय गरज? सकाळी उपाशीपोटी कॉफी. दुपारी दोन धड्यांच्या मधे गाडीतच काहीतरी तळलेलं. शेवटचा शिकाऊ सोडून घरी आल्यावर दिवसभराचं जेवण एकदाच, आणि ताटावरून उठून थेट अंथरुणात. मी काडी नाही, अख्खी पेटी खिशात घेऊन फिरतोय.

गुरुवार, ५ सप्टेंबर

कॉफी बंद केली. डोकं असं ठणकतंय की कॉफी बरी होती.

संध्याकाळचा शेवटचा धडा सोडून दिला. उत्पन्नाला चाट, पण आता दिवे लागायच्या वेळेला जेवण होतं आणि झोपेपर्यंत पोटाला उसंत मिळते. ताटात निम्मंच वाढून घेतो. मध्ये भूक लागली तर केळं. चामडी पट्टा काढून टाकला, त्याऐवजी खांद्यावरून जाणारे पट्टे लावलेत. ही म्हणाली, सर्कशीतल्या मॅनेजरसारखे दिसता. दिसू दे.

पलंगाची डोक्याकडची बाजू वितभर उंच करायची होती. उशा रचून चालत नाही, पोट दुमडतं. मी विटा शोधत होतो. बाबांनी बघितलं आणि दुपारपर्यंत दोन लाकडी ठोकळे करून आणले. वर खाच पाडलेली, पलंगाचा पाय घसरू नये म्हणून. बाबा जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक. अख्ख्या गावाला वर-खाली नेलं आणि म्हातारपणी राहायला आले ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्याकडे. आई गेल्यापासून.

"बरोबर बसले?" त्यांनी विचारलं.

"बसले."

एवढंच. आमच्यात बोलणं म्हणजे पाणी आलं का आणि पेपर झाला का. भांडण नाही काही. विषयच नसतो.

बुधवार, ११ सप्टेंबर

जेवल्यावर बसून राहायचं नाही, पण धावायचंही नाही. सावकाश फिरून यायचं. पहिल्या दिवशी मी निघालो तर बाबा दारात बूट घालून उभे. "मीही येतो. घरात बसून काय करू?"

म्हटलं चला. मनात जरा वैतागलोच. दिवसभर शिकाऊ लोकांशी बोलून तोंड दुखतं, निदान फिरताना तरी शांतता हवी होती.

पण आज त्यांनी कमाल केली. छापखान्याच्या कोपऱ्यावर आपणहून बोलायला लागले. एकदा एका वकिलाच्या इमारतीत नवरा-बायको लिफ्टमध्ये अडकले. काडीमोड घ्यायला निघाले होते. बाबा वर यंत्राच्या खोलीत. खालून भांडण स्पष्ट ऐकू येत होतं. "मला बिघाड लगेच सापडला होता रे. पण दोघं एकमेकांच्या आईच्या हातच्या लोणच्यावर आले होते. म्हटलं, जरा शिजू दे. चहा प्यायलो आणि मग सोडवलं."

"मग?"

"मग काय? खाली उतरले आणि जिन्याने परत वर गेले. वकिलाकडेच."

मी एवढा हसलो की माझी झडप उघडते की काय वाटलं. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. विचारलं तर म्हणाले, तू कधी थांबलास ऐकायला?

परतीच्या चढावर सायकलींचं दुकान आहे. तिथे ते काचेसमोर बराच वेळ उभे राहिले. काल आणि परवाही उभे राहिले होते. या वयात सायकलींचा एवढा नाद?

रविवार, २२ सप्टेंबर

गुण येतोय! डाव्या कुशीवर झोपतो, घसा सकाळी खरखरत नाही. सुरुवातीला त्या उतरत्या पलंगावरून आम्ही दोघं पायथ्याशी गोळा व्हायचो, आता अंगवळणी पडलं. गोळी दिवसाआड केली, डॉक्टरीणबाईंना विचारूनच.

परवा मात्र एक शिकाऊ परीक्षा पास झाला म्हणून पेढ्यांऐवजी चॉकलेटचा डबा घेऊन आला. मी मोह आवरला नाही. वर तळलेली कोंबडी. व्हायचं ते झालं, भोगलं. पण आता निदान कळतं तरी की कशामुळे. टोमॅटो आणि चॉकलेट, हे माझे दोन शत्रू. कांद्याशी तह आहे.

आणि गंमत म्हणजे आज जिन्यात बाबा दुसऱ्या मजल्यावर थांबले, छातीवर तळवा ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. जरा... जळतंय."

मला हसूच आलं. शेवटी माझेच वडील! म्हटलं, बाबा, हे खानदानी दिसतंय, नाक तुमचं घेतलं तसं पित्तही तुमचंच घेतलं मी. तेही हसले. म्हणाले, असेल. वर आल्यावर माझ्यातली एक गोळी दिली. थोडं बसल्यावर त्यांना बरं वाटलं. बघा, एका गोळीत!

आता दोघांनीही पथ्य करायचं असं ठरवून टाकलं. त्यांच्या पलंगालाही ठोकळे.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

समजत नाही. बाबा माझ्यापेक्षा काटेकोर आहेत. कॉफी ते पूर्वीपासून पीत नाहीत. जेवण चिमणीएवढं. मी सांगतो ते सगळं शाळेतल्या मुलासारखं ऐकतात. तरी त्यांचं थांबत नाही. माझं कमी होतंय आणि त्यांचं वाढतंय. कधी छाती, कधी म्हणे दंडापर्यंत ओढ येते. मी वाचलंय, पित्ताचा वारा कुठेही फिरतो.

कुठेतरी चोरून खात असणार. त्यांच्या खोलीत कपाटाच्या वर बिस्किटांचा पुडा मिळाला. मी तो जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.

"बाबा, हे काय?"

"बिस्किटं."

"ते दिसतंय. मी इथे जिवाचं रान करतोय आणि तुम्ही..."

पुड्याचं सील फोडलेलं नव्हतं. हे मला नंतर हिने दाखवलं. पण त्या वेळी बाबांनी पुड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. खाल्लं असेन कधीतरी. चुकलं."

मग संध्याकाळी न बोलता फिरायला आले. मला वाटलं आज येणार नाहीत.

बुधवार, ९ ऑक्टोबर

हिच्याशी कडाक्याचं भांडण.

ही म्हणाली, "तुम्हाला जेवल्यावर होतं, त्यांना चालताना होतं. तुम्हाला आडवं झालं की वाढतं, ते बसले की त्यांचं थांबतं. हे एकच दुखणं कसं?"

"प्रत्येकाचं पित्त वेगळं असतं."

"जिन्यात रोज थांबतात. विचारलं तर म्हणतात, बुटाची नाडी बांधतोय. त्यांच्या बुटांना नाडी आहे का हो? पट्टी आहे, चिकटवायची."

मला राग आला. का आला ते कळत नाही. म्हणालो, "तू दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतेस, छातीचे कधीपासून काढायला लागलीस?"

ही गप्प झाली. ही ओरडते तेव्हा मला भीती वाटत नाही, गप्प होते तेव्हा वाटते. रात्रीचं जेवण आज आम्ही तिघांनी तीन दिशांना बघत केलं. पथ्याचं होतं, तरी मला घशाशी आलं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

हिने परस्पर डॉक्टरीणबाईंकडे बाबांची वेळ घेतली, उद्याची. बाबा म्हणाले, कशाला, त्याच्या गोळीने बरं वाटतं मला. मलाही उद्या जमणार नव्हतं. तीन शिकाऊ लोकांची परीक्षा आहे, मला हजर राहावं लागतं. म्हटलं, मीच घेऊन जाईन, पुढच्या शुक्रवारी. एका आठवड्याने काय बिघडतंय?

ही म्हणाली, "मी नेते ना." बाबा म्हणाले, "तो म्हणतोय तर त्याच्याबरोबर जाईन."

हिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना शिकवून ठेवलंय.

सोमवार, १४ ऑक्टोबर

वजन उतरलंय. पँट पट्ट्यांशिवाय राहत नाही. डॉक्टरीणबाईंनी म्हटलं होतं, पोटाचा घेर कमी झाला की झडपेवरचा दाब कमी होतो. खरं आहे. मी आता माणसात आलोय.

म्हणून आज जरा वेग वाढवला. बाबा म्हणाले, "तू हो पुढे, मी येतो मागून." चढाच्या माथ्यावर मी वाट पाहत उभा राहिलो. ते सायकलींच्या दुकानापाशी थांबले, मग औषधांच्या दुकानापाशी, मग बंद दुकानापाशीसुद्धा. बंद दुकानाच्या शटरमध्ये काय बघायचं असतं?

जवळ आले तेव्हा कपाळावर घाम. हवेत गारवा आहे, मी स्वेटर घातला होता. म्हटलं, "बाबा, दुखतंय का?"

"छे. तू काय सांगत होतास मघाशी, त्या ब्रेकबाईंचं?"

मी सांगितलं. ते हसले. घाम पुसत हसले.

मला आज स्वस्थ बसवत नाहीये. शुक्रवारपर्यंत थांबावं की उद्याच न्यावं? उद्या दिवस भरलेला आहे. बुधवारी सकाळी ब्रेकबाईंच्या धड्यानंतर मोकळा आहे. बुधवारीच नेतो.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

काल लिहिलं नाही. आज हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. वही मांडीवर आहे, अक्षर लागलं तर लागलं.

काल सकाळी बाबांना गाडीत मागे बसवलं. धडा संपला की तसंच डॉक्टरीणबाईंकडे जायचं, असं ठरलं होतं. ब्रेकबाई चालवत होत्या. जिना उतरतानाच बाबा दोनदा थांबले होते. मी बघितलं होतं.

उड्डाणपुलाच्या मध्यावर मागून आवाज आला. "गाडी थांबव."

"बाबा, पुलावर कुठे थांबवू? उतरलो की थांबू."

"थांबव रे."

आरशात पाहिलं. चेहरा राखेच्या रंगाचा. शर्टाची कॉलर भिजलेली. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "सरळ बसा, वाकू नका. पट्टा सैल करा. गोळी आहे का खिशात?"

बाबा म्हणाले, "तुझ्यासारखं नाही हे. माझं जळलं नाही रे कधीच. दाबतंय."

ब्रेकबाईंनी कुणाला न विचारता गाडी कडेला घेतली आणि धोक्याचे दिवे लावले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सावकाश ब्रेक दाबला. "मास्तर, हे हृदयाचं आहे. माझ्या दिरांना असंच झालं होतं. उतरा, तुम्ही चालवा. मी मागे जाते."

मी स्टिअरिंगवर बसलो आणि गाडी बंद पाडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पाडली. हजारो लोकांना क्लच कसा सोडायचा ते शिकवलंय मी. माझा पाय माझा राहिला नव्हता. मागून भोंगे वाजत होते. ब्रेकबाई एका हाताने बाबांना धरून दुसऱ्या हाताने फोनवर हॉस्पिटलला सांगत होत्या, आणि मधेच मला म्हणाल्या, अगदी मी त्यांना म्हणतो त्याच सुरात, "घाई नाही. हळू सोडा. सुटेल."

सुटली.

इमर्जन्सीच्या दारात माणसं स्ट्रेचर घेऊन उभी होती. बाबांना आत नेलं. एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि विचारलं, हे कधीपासून होतंय?

मी सांगितलं. सप्टेंबरपासून. चढावर व्हायचं, जिन्यात व्हायचं. थांबले की कमी व्हायचं. डाव्या दंडापर्यंत ओढ यायची. परवा गारव्यात घाम फुटला होता.

सगळं तोंडपाठ होतं मला. एक गोष्ट सुटली नाही.

तो लिहून घेत होता. लिहिता लिहिता थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तोवर दुकानातून धावत आलेली ही शेजारीच उभी होती. तिने फक्त माझ्या खांद्यावरचा निसटलेला पट्टा वर केला.

हृदयाची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. मनगटातून तार घालून उघडली, आत जाळी बसवली. धोका टळलाय असं अजून कुणी म्हणत नाही. "बघू" म्हणतात.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

कँटीनमध्ये चार कप कॉफी झाली आणि काय काय तळलेलं खाल्लं, आठवत नाही. छातीत वणवा. बाकावर वाकून बसलो होतो. एक नर्स घाबरून आली आणि मला धरून आत घेऊन गेली. पुन्हा तारा, पुन्हा कागद. स्वच्छ. पित्त.

हे ऐकून मला लाज वाटली. आनंद व्हायला हवा होता.

ही घरून डब्यात मऊ भात घेऊन आली. "आधी हे खा. तुम्ही पण आडवे झालात तर मी कुणाकडे बघू?" खाल्लं. म्हणालो, "तू सांगत होतीस." ती म्हणाली, "हो, सांगत होते." आणि डब्याचं झाकण लावलं.

रविवार, २० ऑक्टोबर

आज बाबांशी बोलू दिलं. आवाज बारीक झालाय, पण रंग माणसाचा आलाय.

मी ठरवून गेलो होतो की चिडायचं नाही. तरी तोंडातून निघालंच. "बाबा, दाबतंय हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? जळतंय कशाला म्हणालात?"

त्यांनी पांघरूण छातीवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तू एकटाच गेला असतास फिरायला."

औषधांची गुंगी असेल. कारण याचा दुखण्याशी काय संबंध? मी हिच्याकडे पाहिलं, काही कळलं का म्हणून. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. मग पाणी आणते म्हणून बाहेर गेली. पाण्याचा जग टेबलावर भरलेला होता.

शनिवार, २ नोव्हेंबर

बाबा घरी आले. जिना एका दमात चढायचा नाही, म्हणून प्रत्येक मजल्यावर मी खुर्ची ठेवली होती. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी आनंदाने आपल्या दारातली दिली. बाबा तीत ऐटीत बसले आणि म्हणाले, "साहेब, लिफ्ट कधी दुरुस्त होणार?"

आता घरात खरं पथ्य दोन प्रकारचं आहे. त्यांचं मीठ कमी, माझं आंबट कमी. त्यांच्या गोळ्यांच्या डब्यावर निळी चिकटपट्टी, माझ्या डब्यावर लाल. कुणी कुणाची गोळी घ्यायची नाही, असं हिने दोघांना समोर बसवून सांगितलं. आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

माझं पुन्हा पहिल्यापासून सुरू. कॉफी बंद, लवकर जेवण, डावी कूस. गेल्या महिन्यात मला वाटलं होतं मी जिंकलो. जिंकायचं काही नसतं यात, रोजचं रोज करायचं असतं.

रविवार, १ डिसेंबर

डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली. सपाट रस्ता, बोलता येईल एवढाच वेग, छातीत काहीही वाटलं तर तिथेच थांबायचं आणि लपवायचं नाही. बाबांनी तीनदा "हो" म्हटलं. मी चौथ्यांदा वदवून घेतलं.

चढ टाळून आम्ही नदीकाठचा रस्ता धरला. थोडं चालल्यावर मी म्हटलं, "सांगा काहीतरी. लिफ्टचं."

"मीच किती बोलू? आज तू बोल."

मी चालत राहिलो. इतकी वर्षं शिकवतोय, डावीकडे घ्या, आरसा बघा, गिअर बदला, याशिवाय काय बोलायचं असतं ते सुचेना. समोरून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. बाबांनी घाई केली नाही.

मग म्हणालो, "मी घाबरलो होतो."

"कधी?"

"पुलावर."

मग त्यांनी माझा दंड धरला, आधारासाठी असेल, आणि म्हणाले, "मी पण."

नदीवरचा पूल मागे राहिला, दिवे लागले. परत फिरायची जागा कधीच गेली होती. मी विचारलं, दमलात का? म्हणाले, नाही. खरंच ना? खरंच. मग आम्ही अजून थोडं पुढे गेलो.